युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डाळ बंद?

या महिन्यात गाउटबद्दलची, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजाराबद्दलची, पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हा अंक त्यालाच दिला आहे. पत्रं मालवणपासून नाशिकपर्यंतची, पण एक वाक्य जवळपास सगळ्यांत आहे : ‘डाळी बंद केल्या आहेत.’ ते वाचून मी अस्वस्थ झाले. ज्या घरात रोजचं प्रथिन मुख्यतः वरणातूनच पोटात जातं, तिथे वरण बंद करायला लावायचं तर कारण तसंच सबळ हवं. तसं कारण नाही.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. गणपतीच्या आधी एका रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा इतका ठणकायला लागला की पायावर चादरसुद्धा सहन होईना. अंगठा लालबुंद आणि गरम. पाच-सहा दिवसांनी उतरलं. आता शिमग्याला पुन्हा तेच. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड ८.४. सासूबाई म्हणतात वात आहे, डाळ आणि आंबट बंद कर. शेजारच्यांनी पालक, फ्लॉवर, टोमॅटो, वांगं यांवर काट मारली. मी रोज करू तरी काय? आमच्याकडे मासळीशिवाय जेवण होत नाही. शनिवारी मित्रांबरोबर दोन-तीन बिअर होतात, तेवढं चालेल ना? – एक वाचक, मालवण

उत्तर : रात्री, अचानक, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आणि आठवड्याभरात आपोआप उतरणारं दुखणं. तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर हा गाउटचाच नमुना आहे, पण निदान डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. शरीरातल्या पेशी झिजतात, नव्या होतात, तेव्हा प्युरिन नावाचा पदार्थ मोकळा होतो; थोडं प्युरिन अन्नातूनही येतं. त्याचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं आणि ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. दर डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहतं. त्याच्या वर गेलं आणि तसंच राहिलं, की त्याचे टोकदार स्फटिक सांध्यांत बसायला लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानानं थंड, आणि थंडाव्यात स्फटिक लवकर धरतात. म्हणून पहिला फटका बहुतेकदा तिथेच बसतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. एकूण युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण एक तृतीयांशच अन्नातल्या प्युरिनपासून होतं, बाकीचं शरीर स्वतःच तयार करतं. शिवाय बहुतेक रुग्णांची मूळ अडचण असते ती मूत्रपिंडांकडून ते पुरेसं बाहेर टाकलं जात नाही ही, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. म्हणून नेटानं पथ्य केलं तरी आकडा उतरतो तो एखाद्या अंकानं. ८.४ चा ७.४ होईल. झटके कमी यावेत, वजन, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहावेत म्हणून पथ्य करायचंच. पण आकडा उतरला नाही तर त्याचा ठपका तुमच्या स्वयंपाकावर येऊ देऊ नका. असा ठपका घेऊन रडवेल्या होऊन आलेल्या बायका मी माझ्या सल्ल्याच्या खोलीत पाहिल्या आहेत.

डाळ आजच परत सुरू करा. डाळींत, पालकात, फ्लॉवरमध्ये, मशरूममध्ये प्युरिन असतं, हे खरं. पण अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा केलेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला. प्युरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यं भरपूर खाणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही. कमी स्निग्धांशाचं दूध-दही घेणाऱ्यांमध्ये तर तो कमी होता. तेव्हा तुरीचं वरण, मुगाची आमटी, मटकीची उसळ, पिठलं हे सगळं ताटात येऊ दे. वांग्याचा यात काही संबंध नाही. टोमॅटो खाल्ला की दुखतं असं काही रुग्ण सांगतात. तुमच्या मिस्टरांना तसा अनुभव नसेल तर तोही राहू दे. आंबटाचंही तसंच. कोकम, चिंच, लिंबू यांनी युरिक अ‍ॅसिड वाढत नाही. आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व ते बाहेर टाकायला थोडा हातभारच लावतं. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्या काळजीपोटीच सांगताहेत.

मासळीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे ‘मासे बंद’ असं कागदावर लिहून दिलं तर त्याचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. आठ दिवस पाळतात, नवव्या दिवशी दुप्पट खातात. म्हणून प्रत वेगळी करूया. तारली, पेडवे, मांदेली, बांगडा, कोळंबी आणि तिसऱ्या-कालवं ही प्युरिनच्या बाबतीत वरच्या पायरीवर. त्यात सुकट, जवळा, सोडे, सुके बांगडे सर्वांत जपण्याचे, कारण वाळवल्यावर पाणी उडून जातं आणि उरलेलं सगळं मूठभर ऐवजात एकवटतं. जेवणात बाजूला दोन चमचे सुकटीची चटणी घेतली तर ती मासळीत कोणी धरतही नाही, पण शरीर धरतं. भर पावसाळ्यात ताजी मासळी नसते म्हणून सुक्यावरच भर असतो, तेव्हा जास्त जपा. पापलेट, रावस यांचं प्रमाण तुलनेनं मध्यम. त्यांचा तळहाताएवढा एक तुकडा, आठवड्यातून दोनदा, दुखणं पूर्ण शांत असताना. बाकीच्या दिवशी अंडं चालेल, त्यात प्युरिन अगदी नगण्य असतं. मासळीची सवय जिभेला आहे ती तिरफळाची आणि कोकमाची; त्याच वाटपात काळ्या वाटाण्याचं सांबारं, शेवग्याच्या शेंगा किंवा बटाटा घालून बघा.

बिअरबद्दलचा परिच्छेद मिस्टरांनी स्वतः वाचावा. शनिवारच्या त्या दोन-तीन बाटल्या तुमच्या आहारातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, बांगड्याहूनही वाईट. बिअरमध्ये स्वतःचं प्युरिन असतं, वर अल्कोहोलमुळे शरीरात युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं आणि मूत्रपिंडांतून कमी बाहेर पडतं. तिन्ही बाजूंनी नुकसान. व्हिस्की-रमनंही आकडा वाढतो, फक्त बिअरइतका नाही. सोबत चखण्याला सुकी कोळंबी असेल तर विचारायलाच नको. दोन झटके येऊन गेलेत, तेव्हा बिअर पूर्ण सोडा. ‘तेवढं चालेल’ असं मी लिहून देणार नाही.

रोजचं म्हणाल तर : सकाळी चहा-कॉफी नेहमीची, साखर एक चमचा. कॉफीचं गाउटशी वैर नाही. ती पिणाऱ्यांमध्ये गाउट कमीच आढळतो. न्याहारीला घावणे, पोहे किंवा भाकरी आणि वाटीभर दही. दुपारी उकड्या तांदळाचा भात, वरण, एक भाजी, सोलकढी आणि पेलाभर ताक. लोणी काढलेलं ताक ही आपल्याकडची इतकी सोयीची वस्तू आहे, आणि गाउटवाल्यांना ती सांगायची कुणाला आठवण होत नाही. रात्री भाकरी, उसळ, पालेभाजी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल तर दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी. कोकम सरबतात साखर अगदी बेताची.

आणि झटका आला की अंगठ्याला तेल चोळू नका, शेकूही नका. शेकल्यानं आणि चोळल्यानं सूज भडकते. पाय उशीवर उंच ठेवून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पहिल्या काही तासांतच सुरू करा. उशीर झाला की ते तितकं लागू पडत नाही. वर्षभरात दोन झटके म्हणजे युरिक अ‍ॅसिड कमी करणारं रोजचं औषध सुरू करायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायची वेळ आली आहे.

प्रश्न : गाउट आहे. मटण सोडलं आहे. पण आमच्या कोल्हापुरात पांढरा रस्सा सोडणं होत नाही. मी फोडी घरच्यांना देतो आणि फक्त रस्सा पितो. गेल्या महिन्यात एका लग्नात असाच चार वाट्या प्यायलो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मटण तर खाल्लंच नव्हतं! – वाचक, कोल्हापूर

उत्तर : पांढरा रस्सा कशाचा होतो ते आठवा. मटण हाडांसकट पाण्यात तासभर शिजवतात, ते अळणी पाणी गाळून घेतात आणि त्यात काजू, खसखस, तीळ, नारळाचं दूध घालतात. प्युरिन पाण्यात उतरतं. मटण जितका वेळ शिजेल तितकं ते फोडीतून निघून अळणीत येतं. म्हणजे तुम्ही प्युरिनचा मोठा भाग स्वतःकडे ठेवून घेतलात. पायाचं सूप, लहान मुलांना आणि बाळंतिणीला देतात ते अळणी, हॉटेलातलं चिकन सूप, सगळ्यांना हाच नियम.

उलट करा. दुखणं शांत असेल तेव्हा, पंधरा दिवसांतून एकदा, उकडून पाणी काढून टाकलेल्या मटणाच्या दोन फोडी सुक्या मसाल्यात परतून खा, रस्सा नको. काळीज, गुर्दा, भेजा आणि वजडी कधीच नको. या अवयवांत प्युरिन सर्वांत जास्त. रश्शाची चव हवी असेल तर त्याच वाटपात फ्लॉवर-बटाटा किंवा पनीर घालून पांढरा रस्सा करायला घरी सांगा. काजू-खसखशीनं त्याला तसाच दाटपणा येतो. हो, ते मटणाचं नाही हे तुम्हाला पहिल्या घोटाला कळेल.

प्रश्न : माझं वय ६४. आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही. तरी हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी आल्या आणि डॉक्टर म्हणाले गाउट आहे. रक्तदाबाची गोळी दहा वर्षं चालू आहे. सोमवार, एकादशा आणि चातुर्मासात एकभुक्त असते. निर्जळी एकादशीला पाणीही घेत नाही. मग हा मांसाहाऱ्यांचा आजार मला कसा? – वाचक, नाशिक

उत्तर : मावशी, हा मांसाहाऱ्यांचाच आजार असतो असं नाही. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ते संरक्षण जातं. म्हणून बायकांना गाउट साधारण साठीच्या आसपास गाठतो, आणि कित्येकदा तो ‘हाडांची झीज’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

पहिलं काम : रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘यात लघवी वाढवणारं औषध आहे का?’ हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे नाव त्यावर असेल तर त्यानं युरिक अ‍ॅसिड वाढतं. रक्तदाबाच्या बऱ्याच जोडगोळ्यांत ते असतं. ते बदलता येईल का, हे डॉक्टर ठरवतील. लोसार्टन नावाचं रक्तदाबाचंच एक औषध युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं. मात्र गोळी आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका. मूत्रपिंडांची तपासणीही याच फेरीत करून घ्या.

दुसरं, उपास. तुमच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. पण पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते असेपर्यंत मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड अडवून धरतात. त्यात पाणी नाही म्हणजे लघवी आणखी कमी. तुमचा त्रास एकादशीनंतर द्वादशी-त्रयोदशीला वाढतो का, कॅलेंडरवर खूण करून बघा. निर्जळी सोडून फराळाची एकादशी करा. दर तीन-चार तासांनी काहीतरी खा : वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, एखादं फळ. पाणी सकाळपासून. साबुदाण्याच्या खिचडीची एवढी भीती नको, पण दिवसभर सरबतं आणि खजुराच्या वड्या यांवर काढू नका. आजारी माणसाला उपासातून सवलत आपल्याकडे नेहमीच दिली गेली आहे. ती घ्यायला संकोच वाटायला नको.

बोटांवरच्या गाठी स्फटिकांच्याच असतील तर केवळ आहारानं विरघळणार नाहीत. त्यासाठी आकडा औषधानं बराच खाली, अनेकदा ५ च्याही खाली, ठेवावा लागतो. मग त्या हळूहळू बारीक होतात. सुईनं फोडू नका.

प्रश्न : वय ३३, संगणकाचं काम. कंपनीच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड ७.६ आलं. सांधे कधीच दुखले नाहीत. भीतीनं डाळ, राजमा, पालक, मशरूम सगळं बंद केलंय. एका दिवसाचा आहार : सकाळी डब्यातला संत्र्याचा रस एक मोठा ग्लास, दोन टोस्ट. अकराला चहा-बिस्किटं. दुपारी पोळी, बटाट्याची भाजी. चारला कोल्ड्रिंकचा कॅन. संध्याकाळी उसाचा रस. रात्री चिकन-भात. औषध सुरू करू का? – वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला गाउट नाही. तुमचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आहे, आणि असं वाढलेलं असणाऱ्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. नुसत्या या आकड्यासाठी औषध सहसा देत नाहीत. मुतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडांचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

तुमची यादी वाचताना डाळीवर माझी नजरच गेली नाही. ती अडली रसाच्या ग्लासावर, कोल्ड्रिंकच्या कॅनवर आणि उसाच्या रसावर. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. यकृत फ्रुक्टोज घाईघाईनं वापरायला लागलं की पेशींमधला ऊर्जेचा साठा मोडतो आणि त्यातून थेट युरिक अ‍ॅसिड तयार होतं. प्युरिनचा कणही नसलेलं पेय युरिक अ‍ॅसिड वाढवतं ते असं. रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं घेणाऱ्या पुरुषांमध्ये गाउटचा धोका महिन्याला एकाहूनही कमी घेणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के जास्त आढळला आहे. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. फळांच्या रसालाही हेच लागू. संत्रं सोलून खा. उसाचा रस नैसर्गिक असला तरी ती साखरच. मध आणि गूळही त्याच रांगेत.

ही तिन्ही पेयं तीन महिने बंद, दुपारच्या डब्यात वरण किंवा उसळ परत, चिकन आठवड्यातून दोनदा. वजन जास्त असेल तर महिन्याला दोन किलोच्या वेगानं उतरवा. घाईनं, उपाशी राहून उतरवलं तर युरिक अ‍ॅसिड उलट चढतं. मग रक्त पुन्हा तपासा.

प्रश्न : चेरी खाल्ल्यानं गाउट बरा होतो का? महाग आहे, पण आणू का? – वाचक, सोलापूर

उत्तर : चेरी खाणाऱ्यांना झटके कमी आले असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण बरा होत नाही. परवडत असेल, आवडत असेल तर हंगामात खा. नाहीतर त्या पैशांत महिन्याभराचं दूध-दही येईल, ते आणा.

प्रश्न : डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड कमी करणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत उलट जोराचा झटका आला, म्हणून गोळी बंद केली. झटक्यात रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड ६.५, म्हणजे जवळपास नॉर्मल! आता नुसत्या पथ्यावर राहिलो तर चालेल ना? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : झटका चालू असताना आकडा खाली दिसू शकतो. त्यावर भरवसा ठेवू नका. दुखणं ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. गोळीमुळे सुरुवातीच्या महिन्यांत झटका येणं अपेक्षित असतं, कारण सांध्यात वर्षानुवर्षं बसलेले स्फटिक विरघळून हलायला लागतात. ते औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. म्हणूनच डोस कमीपासून, सहसा १०० मिलिग्रॅमपासून, सुरू करून हळूहळू वाढवतात आणि सोबत पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखं झटका रोखणारं औषध थोड्या प्रमाणात देतात. तुम्हाला ते दिलं होतं का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी एकदा अंगवळणी पडली की झटक्यातही ती चालूच ठेवायची असते. सतत बंद-चालू केली की स्फटिकही तसेच हलत राहतात. लक्ष्य ६ च्या खाली, आणि तिथे पोचल्यावरही औषध चालूच, कारण सोडलं की आकडा पुन्हा वर जातो. तोवर वरची सगळी पथ्यं आहेतच : सुकट, बिअर, गोड पेयं बाजूला, वरण-ताक ताटात.

गोळी परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा, किती डोसपासून घ्यायची ते विचारा. आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा : ती घेत असताना अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा ताप भरला, तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.